पैरा, सावड, वारंगुळा: एकच का वेगवेगळे?

भुईमूग: आमच्या वाळव्याकडं (सांगली) बायका सर्रास म्हणतात, "उद्या पैरा फेडायचाय, यायला नाय जमणार." बायको नागपूरची, तिला अर्थ सांगताना मी "एकमेकींना मदत" म्हणालो पण ते काही बरोबर वाटेना. तुमच्याकडं काय म्हणतात?

टिंबटिंब: पेरा म्हणायचंय का? टायपो?

कृष्णाकाठ: टायपो नाही ओ. पेरा म्हणजे पेरणी, पीकपेरा सातबाऱ्यावर लागतो. पैऱ्याची नोंद कुठंच नसते, सगळं तोंडी, तरी कोण विसरत नाही. आणि मदत तर अजिबात नाही. आज मी तुझ्या रानात दिवसभर भांगलायचं, म्हणजे खुरप्यानं तण काढायचं, परवा तू माझ्या. बाईला बाई, दिवसाला दिवस. जमलं नाही तर सुनेला धाडायचं, तीपण नसली तर रोजानं बाई लावून द्यायची, पण पैरा अंगावर ठेवायचा नाही. भाकरी जिची तिनं आणायची, रानवाली फार तर चहा करणार. इर्जिकीचं उलटं, तिथं एकाच्या रानात गावातली औतं येतात, जेवण तगडं आणि फेड नाही.

भुईमूग: हां, "फेडणे" हेच सुटलं होतं माझं.

कृष्णाकाठ: पैरा कशाला लागतो याचं उत्तर तुमच्या नावातच आहे बघा 😄 भुईमुगाला आऱ्या (ज्यांच्या टोकाला मातीत शेंग धरते ते देठ) सुटून मातीत जायच्या आत तण निघालं पाहिजे, नंतर खुरपं घातलं की आऱ्या तुटतात. एकर-दीड एकरवाली बाई एकटी किती ओढणार, आणि त्या टायमाला रोजाचे पैसे हातात नसतात, असले तरी बाया मिळत नाहीत कारण सगळ्यांचंच रान एकदम तणात. मग पाचसहाजणी मिळून आज हिचं उद्या तिचं. पण मागं जिचा नंबर तिचं तण वाढलेलं, त्यावरनं भांडणंपण होतात, उगाच गोडगोड चित्र नको.

इरलं: आमच्या कोकणात सावड. भातलावणीला. तरवा (भाताची रोपं) काढून जुड्या बांधल्या, चिखल झाला, की थांबून चालत नाही, मग आठदहाजणी एका मळीत. फक्त एक, "सावडीला जातो" म्हणा, "सावडायला जातो" म्हणू नका, ते राख सावडणं, लोक विचारतील कोण गेलं म्हणून.

गोदातीर: वारंगुळा मराठवाड्यात ऐकलाय पण तो जास्त करून बैलांचा, एकबैलवाले दोघं मिळून औत धरतात. बायकांच्या खुरपणीला आमची आजी वापरायची नाही तो शब्द.

कृष्णाकाठ: बैलाचा पैरापण असतो आमच्यात. गंमत अशी की तो करणाऱ्याला लगेच "शेतकरी" म्हणतात, खुरप्याचा पैरा करणारी मात्र "बाया". 2015-16 च्या कृषिगणनेत देशात वहिवाटदार (रान कसणारा म्हणून नोंद) म्हणून बायका साधारण 14 टक्केच आहेत, बाकीच्या बायका राबतात ते रान नवऱ्याच्या नायतर सासऱ्याच्या नावावर. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली ती यासाठीच, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून.

भुईमूग: आता उसात तणनाशक मारतात त्यामुळं पैरा कमी झालाय, भाजीवाल्या करतात अजून. बायकोचा प्रश्न, "माझ्यावर तिचा पैरा आहे" चालतं का?

कृष्णाकाठ: चालतं. "तिचे दोन पैरे हायत माझ्यावर" असंच म्हणतात.