‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ प्रत्यक्ष पाहिलेले कोणी आहे का?

घंटाळीकर (ठाणे)

नमस्कार. बीबीसी टू या वाहिनीवर १९७१ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ नावाचा रॉक संगीताचा कार्यक्रम होत असे. त्यातील बरेच तुकडे आता यूट्यूबवर सापडतात आणि सध्या रात्रीची जेवणे आटोपली की मी तेच पाहत बसतो. आमच्या पिढीने रॉक ऐकले ते आकाशवाणीवरच्या ‘सॅटर्डे डेट’मध्ये आणि मित्रांकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटींवर, त्यामुळे ही मंडळी वाजवताना दिसतात कशी, हे तबकडीच्या वेष्टनावरील छायाचित्रापलीकडे आम्हांला ठाऊकच नव्हते.

या कार्यक्रमात मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्याची मांडणी. जवळजवळ रिकामी खोली, समोर प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, रंगीत दिव्यांची उघडझाप नाही. गाणे संपते आणि निवेदक अगदी खालच्या आवाजात पुढच्या अल्बमविषयी बोलू लागतो. हा साधेपणा कोणी ठरवून आणला होता, की तो केवळ पैशांच्या चणचणीतून आला होता? आणि त्या काळी हा कार्यक्रम दर आठवड्याला पाहणाऱ्यांना तो खरोखरच इतका चांगला वाटत होता का, की आपल्यापर्यंत फक्त वेचक तुकडे पोहोचल्यामुळे आपला तसा समज झाला आहे?

पामबीचवाला (नेरूळ)

घंटाळीकर, मी १९७२ मध्ये शिक्षणासाठी मँचेस्टरला गेलो आणि वसतिगृहाच्या सामाईक खोलीतील दूरचित्रवाणी संचावर हा कार्यक्रम नेमाने पाहत होतो, तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजतो.

साधेपणाचे मूळ जागेत होते. बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये ‘प्रेझेंटेशन बी’ नावाचा एक अगदी छोटा स्टुडिओ होता. तो मुळात दोन कार्यक्रमांच्या मधल्या निवेदनांसारख्या किरकोळ कामांसाठी बांधलेला होता आणि ड्रम, अँप्लिफायर व कॅमेरे एकदा आत गेले की तेथे प्रेक्षकांना बसवायला जागाच उरत नसे. मात्र या अडचणीचा वापर कार्यक्रमाची कल्पना मांडणारे रोवन एअर्स आणि निर्माते मायकेल ॲपल्टन यांनी ज्या रीतीने केला, तो योगायोग नव्हता. बीबीसी वनवर १९६४ पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’ चालू होता. तेथे खपाच्या यादीतील एकेक गाणे, नाचणारी मुले आणि ध्वनिमुद्रणावर ओठ हलवणारे गायक असत. व्हिसल टेस्टने त्याच्या नेमके उलट जायचे ठरवले. येथे अल्बम महत्त्वाचा, एखादे खपाऊ गाणे नव्हे, आणि ऐकणारा माणूस अल्बम पूर्ण ऐकतो हे गृहीतच धरलेले. (सुरुवातीच्या काळात तांत्रिक अडचणींमुळे येथेही वाद्यमेळ पुष्कळदा आधी मुद्रित केलेला असे आणि फक्त गायन प्रत्यक्ष होत असे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.)

पहिले निवेदक ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाचे रिचर्ड विल्यम्स होते. १९७२ पासून बॉब हॅरिस आले. त्यांच्या कुजबुजत्या आवाजाची आमच्या वसतिगृहात नक्कल होत असे, पण तो आवाज सुरू झाला की गप्पा थांबत, हेही खरे. १९७२ च्या अखेरीस फोकस हा डच बँड तेथे वाजवून गेला आणि त्यानंतर इंग्लंडमधील दुकानांत त्यांच्या तबकड्यांना एवढी मागणी आली की पुढच्याच महिन्यात त्यांची दोन गाणी खपाच्या यादीत दिसू लागली. १९७३ मध्ये बॉब मार्ली आणि वेलर्स आले. जमैकाचे रेगे संगीत म्हणजे काय हे आमच्यापैकी बहुतेकांना तोवर नीटसे माहीत नव्हते, आणि त्यांचे ‘स्टर इट अप’ हे गाणे संपल्यावर कोणी काहीच न बोलता एकमेकांकडे पाहत राहिल्याचे मला आजही आठवते.

अल्बममधील एखादा भाग वाजवायचा असेल आणि कलावंत स्टुडिओत नसेल, तर फिलिप जेन्किन्सन यांनी जुन्या चित्रपटांतून निवडलेली दृश्ये त्या संगीतावर जोडली जात. माइक ओल्डफील्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या अल्बमसोबत बर्फावरून घसरत जाणारे स्कीपटू दाखवले होते. संगीत-व्हिडिओ ही वस्तू बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

तबकडीवेडा (पाचपाखाडी, ठाणे)

पामबीचवाले यांच्या तपशिलांविषयी माझी तक्रार नाही, परंतु घंटाळीकरांच्या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी सोयीस्कर बगल दिली आहे.

मी हा कार्यक्रम पाहिला तो ऐंशीच्या दशकात, लंडनला राहणाऱ्या मावसभावाने पाठवलेल्या व्हीएचएस फितींवर. तेथेही आणि येथेही दूरचित्रवाणीची ‘पाल’ हीच पद्धत असल्यामुळे त्या फिती आमच्या व्हीसीआरवर विनातक्रार चालत. भाऊ निवड न करता संपूर्ण भाग मुद्रित करीत असे, त्यामुळे व्हिसल टेस्टमधला कंटाळाही मी भरपूर पाहिला आहे. लांबलचक गिटारवादन, कशाचाही थांग न लागणाऱ्या मुलाखती आणि ज्यांची नावे आज त्यांच्या गावातही कोणाला आठवणार नाहीत असे गायक, हे सारे त्यात होते. यूट्यूबवर ते कोणी चढवीत नाही, एवढेच.

याहून गंभीर मुद्दा असा की ‘अल्बम असेल तरच या’ हा दंडक या कार्यक्रमाचे बळ होता, तसाच त्याचा बहिरेपणाही होता. १९७३ मध्ये न्यू यॉर्क डॉल्स या अमेरिकी बँडचे सादरीकरण संपल्यावर बॉब हॅरिस यांनी त्यांना ‘मॉक रॉक’ (नकली रॉक) म्हणून कॅमेऱ्यासमोर उडवून लावले. त्याच बँडकडे पाहून ज्यांनी पुढे गिटार हातात घेतली, ती मुले १९७६-७७ मध्ये पंक हा रॉकचा नवा, ओबडधोबड प्रकार घेऊन आली. त्यांच्याकडे एकेक छोटी तबकडी होती, अल्बम नव्हता, आणि त्यामुळे इंग्लंडमधील रॉक उलटेपालटे होत असताना रॉकचा हा सर्वांत गंभीर कार्यक्रम बराच काळ दुसरीकडेच पाहत राहिला. गंभीरपणाच्या नावाखाली आपली आवड हीच कसोटी मानण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या बैठकांतही पुष्कळ चालतो, पण तो विषय येथे नको.

हा दोष दूर केला तो १९७८ मध्ये आलेल्या ॲनी नाइटिंगेल यांनी. बीबीसीच्या रेडिओ वनवरील त्या पहिल्या महिला निवेदिका. त्यांच्या काळात नवी मंडळी मोकळेपणाने येऊ लागली. १९८० च्या डिसेंबरमध्ये बीटल्सपैकी जॉन लेनन यांची हत्या झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशीचा भाग त्यांनी लेननना वाहिला. तो भाग मी पुन्हा पाहू शकत नाही, इतका तो जड आहे. १९८३ मध्ये नावातले ‘ओल्ड ग्रे’ गळले. जुलै १९८५ मधील ‘लाइव्ह एड’ या दुष्काळग्रस्तांसाठीच्या मदत-मैफलीचे बीबीसीवरील दिवसभराचे प्रक्षेपण ज्यांनी सांभाळले ते ॲपल्टन आणि त्यांचा व्हिसल टेस्टचाच चमू होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये बॉब हॅरिस यांना घेऊन एका रात्रीपुरता हा कार्यक्रम पुन्हा झाला, तो मात्र अवश्य पाहावा.

बेसवाली (वाशी)

मी या सर्व काळानंतर जन्मले, त्यामुळे आठवण म्हणून सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. परंतु मी बेस गिटार (खालच्या, खर्जातल्या सुरांची गिटार) वाजवते आणि या कार्यक्रमाकडे शिकवणीचे साधन म्हणून पाहते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

स्टुडिओ लहान असल्याचा एक फायदा वर कोणी लिहिलेला नाही. कॅमेऱ्याला दूर जायला जागाच नसल्याने तो वादकाच्या हातांवर थांबतो, आणि गर्दी दाखवण्याची सोयही नसल्याने तेथून पळू शकत नाही. मार्लींच्या त्या ध्वनिचित्रफितीत ॲस्टन बॅरेट बेस वाजवत आहेत आणि कार्लटन बॅरेट हे त्यांचे भाऊ ड्रमवर आहेत. बेसचे काही सूर बॅरेट मुद्दाम गाळतात, आणि त्या रिकाम्या जागेत पीटर टॉश यांची गिटार येऊन बसते. हे सारे मी ती फीत मंद गतीने चालवून शिकले. २०१९ मध्ये यू टू आणि २०२५ मध्ये कोल्डप्ले हे बँड आमच्या शेजारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये येऊन गेले. दोन्ही वेळा मी गेले होते, दोन्ही वेळा मनापासून आनंद झाला, परंतु बेस वाजवणाऱ्याची बोटे पाहून काही शिकावे अशी ती जागा नव्हे.

तबकडीवेडा यांचा पंकविषयीचा आक्षेप मला पटतो. तरीही असे वाटते की कार्यक्रमाची आवड चुकत असेल, त्याचा कॅमेरा चुकत नव्हता. न्यू यॉर्क डॉल्स यांचीही चित्रफीत आहे. निवेदकाला ते आवडले नाहीत म्हणून कॅमेऱ्याने त्यांना कमी दाखवलेले नाही, आणि म्हणूनच हॅरिस यांच्याशी असहमत होण्याची संधी आज आपल्याला मिळते.

पामबीच काका, आपण तो मार्लींचा भाग तेव्हा पाहिलात, तर बेस आपल्याला कसा ऐकू आला होता, हे जाणून घ्यायला आवडेल.

पामबीचवाला (नेरूळ)

फार वाईट, असे सांगावे लागेल. वसतिगृहाच्या संचाचा स्पीकर तळहाताएवढा होता आणि त्यातून ड्रमची थाळी, गिटार व आवाज एवढेच नीट येई; बेसच्या जागी काहीतरी घुमत असल्याचा भास होई. सुरुवातीच्या चित्रात ताऱ्यांनी बनलेला माणूस पायाने एक तारा उडवतो आणि मागे चार्ली मॅकॉय यांचा माउथ ऑर्गन वाजतो, ते संगीत तेवढे त्या स्पीकरवर उत्तम लागत असे. आपला प्रतिसाद वाचल्यावर मुलाकडून हेडफोन घेतला आणि ‘स्टर इट अप’ पुन्हा लावले. बॅरेट यांचे ते गाळलेले सूर आज प्रथमच माझ्या ध्यानात आले. त्याच भागातले त्यांचे दुसरे गाणे, ‘काँक्रीट जंगल’, अजून ऐकायचे आहे.