बावीस आठवडे: तिथे आणि इथे

‘जपानमध्ये २२ आठवड्यांची बाळं वाचवतात, मग आपलेच डॉक्टर हात का टेकतात?’ असं कुणीतरी विचारलंय. २२ आठवड्यांची, म्हणजे गर्भारपणाच्या बाविसाव्या आठवड्यातच जन्मलेली. पण सगळे श्रीमंत देश तरी कुठे एका माळेचे मणी आहेत? स्वीडनमध्ये २२-२३ आठवड्यांनाही प्रयत्न करतात. नेदरलँड्समध्ये किती आठवड्यांपासून प्रयत्न करायचे याची मर्यादा २०१० पासून २४ आठवडे, त्याआधी तर २५ होती. यंत्रं तीच. फरक आहे तो बाळाला पुढे येऊ शकणाऱ्या अपंगत्वाचा विचार किती करायचा, यात.

आपल्याकडे त्याआधी बिल येतं! माझी भाची २७ आठवड्यांची, ९०० ग्रॅमची. इथेच पुण्यात, एका खासगी रुग्णालयात. रोज संध्याकाळी आधी ‘डिपॉझिट भरा’, मग बाळाची खबर. भाऊजींनी पीएफ मोडला. ज्यांच्याकडे मोडायला काही नसतं, त्यांचा ‘निर्णय’ कोण घेतं?

तिला खरा आधार झाला तो कांगारू पद्धतीचा, म्हणजे उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून निघालेली ही युक्ती. ताई दमली की भाऊजी शर्ट काढून बसायचे. आजी आधी लाजली, मग त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला, पुढून उघडणारा.