ब्रिटनचा पंतप्रधान: मंत्रिमंडळ त्याला खरंच आवरतं का?

पिंपळपान (धागा)

शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं की ब्रिटिश पद्धतीत पंतप्रधान हा 'समानांमधला पहिला', आणि मंत्रिमंडळ निर्णय मिळून घेतं. 2022 च्या सप्टेंबरात तिथे जे घडलं, त्यानंतर माझा या वाक्यावर विश्वास उरलेला नाही.

23 सप्टेंबरला तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार, त्याचा हिशेब नाही. सरकारी हिशेब स्वतंत्रपणे तपासणाऱ्या ओबीआर या संस्थेचा अंदाजही सोबत मांडला नाही. दोन आठवड्यांपूर्वीच अर्थखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना हटवलं होतं. सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा 45 टक्के कर काढून टाकण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नव्हता, हे ट्रस यांनी 2 ऑक्टोबरला बीबीसीच्या मुलाखतीत स्वतः मान्य केलं. तोवर रोख्यांचे भाव कोसळून पेन्शन फंड अडचणीत आले होते आणि बँक ऑफ इंग्लंडला 28 सप्टेंबरलाच सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावं लागलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: तिथलं मंत्रिमंडळ पंतप्रधानाला आवरत नाही, नुकसान झाल्यावर बाजूला सारतं. कारण पंतप्रधानाचे अधिकार कुठल्याही एका कायद्यात लिहिलेलेच नाहीत. पंतप्रधानाचं घर असलेल्या 10 डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दारावरच्या पितळी टपालपट्टीवर आजही 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' (खजिन्याचा पहिला लॉर्ड) असं कोरलंय, पंतप्रधान हा शब्द तिथे नाही. बाकी सगळं प्रथेवर चालतं. मंत्री नेमायचे, काढायचे, बैठकीत कोणता विषय घ्यायचा, सगळं एकाच माणसाच्या हातात. ज्याची खुर्ची तुमच्या मर्जीवर, तो तुमचा हात कसा धरणार?

जुना_वकील

धागाकर्त्यांशी साफ असहमत.

आधी एक दुरुस्ती. अर्थसंकल्पातले कर मंत्रिमंडळाला त्याच दिवशी सकाळी सांगायचे, ही तिथली जुनी रीत आहे. बातमी फुटून कुणी बाजारात पैसा करू नये म्हणून. त्यामुळे 'मंत्रिमंडळाला विचारलं नाही' हा आरोप एकट्या ट्रस यांच्यावर टाकता येत नाही.

आता मूळ मुद्दा. पंतप्रधान मार्गारेट थॅचर सलग तीन निवडणुका जिंकलेल्या. नोव्हेंबर 1990 मध्ये पक्षनेतेपदाच्या पहिल्या फेरीत त्यांना 204 मतं, मायकेल हेसेल्टाइन यांना 152. पुढे होत्या, पण नियमाप्रमाणे हवी तेवढी आघाडी मिळायला चार मतं कमी पडली. 21 तारखेच्या संध्याकाळी त्यांनी संसदेतल्या आपल्या खोलीत एकेका मंत्र्याला बोलावलं. बहुतेकांनी तोंडावर सांगितलं, तुम्ही जिंकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. हे सगळे मंत्री त्यांनीच नेमलेले होते!

जुलै 2022 मध्ये ट्रस यांच्या आधीचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचंही तेच झालं. 5 तारखेला अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद बाहेर पडले, पाठोपाठ राजीनाम्यांची रांग लागली आणि 7 तारखेला जॉन्सन यांना जावं लागलं. सरकार चालवायला माणसंच उरली नाहीत तर पंतप्रधान काय करणार? हा लगाम कुठे लिहिलेला नाही, पण आहे.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. तुम्ही दोघं राज्यशास्त्र बोलताय, मी घराचं सांगते.

आमच्या घरकर्जाचा ठरलेल्या व्याजाचा करार त्या नोव्हेंबरात संपत होता. सप्टेंबरच्या मध्याला बँकेने नवा दर सांगितला होता, कागदपत्रं नवरा त्या करकपातीच्या घोषणेनंतरच्या शनिवार-रविवारी भरणार होता. सोमवारी फोन केला तर ती योजनाच बंद. पुढच्या आठवड्यात जो दर मिळाला त्याने महिन्याचा हप्ता 380 पौंडांनी वाढला. मुलीचं पोहणं बंद केलं, आईला भेटायला सांगलीला जाणं एक वर्ष पुढे ढकललं. जगभर व्याजदर चढत होतेच, मला कळतं ते. पण तीन दिवसांत योजना गायब होणं वेगळं.

14 ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, 17 ला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळजवळ सगळं मागे घेतलं, 20 ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. वकीलसाहेब, लगाम चालला हे खरं. पण माझा हप्ता काही मागे आला नाही.

चौकस

दोघांचंही लक्ष चुकीच्या खोलीकडे आहे. ट्रस त्या खुर्चीत बसल्या कशा?

हुजूर पक्षाच्या खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक 137, ट्रस 113, मॉर्डंट 105. म्हणजे 350 च्या वर खासदारांपैकी ट्रस यांना पहिली पसंती 113 जणांचीच. मग दोघांतला एक निवडायला पक्षाच्या वर्गणीदार सदस्यांनी मत दिलं आणि 81,326 मतांनी त्या पंतप्रधान झाल्या. देशात मतदार साडेचार कोटींहून जास्त! कॉमन्सचा, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाचा, विश्वास हा या पद्धतीचा कणा, आणि ज्या माणसाला स्वतःच्याच खासदारांनी पहिल्या क्रमांकावर निवडलं नाही तो आत येतो. पक्ष सत्तेत असताना नेता फक्त खासदारांनीच निवडावा. ऑक्टोबरात सुनक तसेच आले, सदस्यांचं मतदान न होता.

आणि हो, तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. सप्टेंबर 2019 मध्ये जॉन्सन यांनी 21 खासदारांना पक्षाच्या संसदीय गटाबाहेर काढलं, तरी त्यांची खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडे पक्षादेश मोडला की दहाव्या परिशिष्टाची तलवार. खासदार मोकळे असतील तर पंतप्रधान आवरला जातो, मंत्रिमंडळ हा नंतरचा भाग.

पिंपळपान

चौकस, खासदार मोकळे म्हणता, पण पगारी मंत्र्यांचं काय? 1975 च्या कायद्याने कॉमन्समध्ये 95 पर्यंत मंत्री बसू शकतात. त्या सगळ्यांना सरकारच्या बाजूने मत द्यायचं किंवा राजीनामा द्यायचा. इराक युद्धाआधी रॉबिन कुक यांनी 17 मार्च 2003 ला राजीनामा दिला, बाकी मोठे मंत्री बसून राहिले. इराकबद्दलच्या गुप्तवार्ता तपासणाऱ्या बटलर समितीने 2004 मध्ये लिहिलं की तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांच्या अनौपचारिक कामकाजामुळे मंत्रिमंडळाने मिळून विचारपूर्वक मत बनवण्याला वाव कमी होण्याचा धोका आहे. लगाम आहे, पण तो घोडा पडल्यावर ओढला जातो, एवढंच मी म्हणतोय.

वकीलसाहेबांची अर्थसंकल्पाच्या गुप्ततेची दुरुस्ती मान्य, मी ते वाक्य जरा सैल लिहिलं. पण म्हणूनच आधीच हात धरणारा लेखी नियम हवा. 2024 मध्ये तसा कायदा आला: मोठा आर्थिक निर्णय घ्यायचा तर ओबीआरचा अंदाज हवाच. प्रथा पुरली असती तर हा कायदा करावा लागला असता का?

जुना_वकील

कायदा चांगला आहे, विरोध नाही. पण तातडीच्या तात्पुरत्या उपायांना त्यात सूट आहे. आणि तिथे कुठलाही कायदा साध्या बहुमताने जातो. ठरावीक मुदतीच्या संसदेचा कायदा 2011 मध्ये केला, 2019 मध्ये एका छोट्या कायद्याने त्याला वळसा घालून निवडणूक घेतली, 2022 मध्ये रद्दच केला. ज्या पंतप्रधानाकडे बहुमत आहे, त्याला तुमचा लेखी नियम किती दिवस धरून ठेवेल?

थेम्सकाठी

तेवढे दिवस तरी धरू दे. मला त्या वेळी एक आठवडा मिळाला असता तरी जुना दर हाती लागला असता.