नागपूर-मुंबई विमानाचं अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

संत्रानगरी_८८:
आईबाबा नागपूरहून मुंबईला येतायत, तिथून त्याच रात्री दुबईची फ्लाइट. नेटवर हवाई अंतर ६९० किमीच्या आसपास दाखवतंय, एका साइटवर ८०० च्या वर, ते बहुतेक रस्त्याचं असावं. तिकिटावर वेळ आहे १ तास ४० मिनिटं. विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात, मग तासाच्या आत पोचायला हवं ना? बाबा सारखं हेच विचारतायत.

खिडकीसीट:
हो, ८०० वालं रस्त्याचंच. तिकिटावरचा वेळ नुसता हवेतला नसतो, गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू आणि मुंबईत पार्किंगला लागून थांबलं की बंद. हवेत तास-सव्वा तासच जातो. त्यातही ८०० चा स्पीड फक्त मधल्या टप्प्यात, १० हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते म्हणजे ताशी ४६० किमी, आणि संभाजीनगर मागे पडलं की थोड्याच वेळात उतरायला सुरुवात, त्यामुळे पूर्ण स्पीडने असं फार अंतर कापलंच जात नाही.

धंतोली_वाला:
खरी गोम मुंबईत आहे भाऊ. तिथले दोन्ही रनवे एकमेकाले कापतात, त्याच्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दी असली का वरच्या वर चकरा मारत बसा. कंपन्याइले हे माहीत आहे, म्हणून टायमिंग आधीच वाढवून लिहितात अन मग वेळेत पोचलो म्हणून मिरवतात 😄 थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून असते, म्हणजे मुंबईकडे जाताना समोरून.

खिडकीसीट:
वाऱ्याने एवढ्याशा अंतरात पाच-दहा मिनिटांचाच फरक पडतो, चकरांचं मात्र खरंय. बाकी परत येतानाही मुंबईहून बऱ्याचदा आधी जुहूच्या बाजूने समुद्रावर उडतं आणि मग पूर्वेकडे वळतं, म्हणजे ६९० हा आकडा तसाही कागदावरचाच.

ठाणेकर_ताई:
अहो अंतराचं सोडा, आधी तिकिटावर मुंबईचं कुठलं विमानतळ आहे ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत, एक इकडे आणि दुसरं तिकडे असलं तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सगळा हिशोब कोसळेल. दोन्ही जुन्याच विमानतळावर असतील तरी दुबईचं टी२ म्हणजे टर्मिनल २ वरून सुटणार आणि नागपूरचं टी१ ला उतरलं तर मध्ये गाडी करावी लागेल. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा बेल्टवरून घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, शिवाय इमिग्रेशनची रांग. उतरल्यापासून पाच तास तरी हातात ठेवा, वयस्कर माणसं आहेत. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगमध्ये आधीच टाकून ठेवा.

संत्रानगरी_८८:
टी१ आणि टी२ च आहे, आत्ताच बघितलं. मध्ये साडेतीन तास मिळतायत. सकाळच्या फ्लाइटला बदलून घेतो.