हातात धरायचा कन्सोल: खरंच किती उपयोगाचा? आपापले अनुभव लिहा

नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, घ्यायचा विषय निघाला की आमच्या घरात एकाच मुद्द्यावर गाडी अडते. टीव्हीला जोडून ठेवायचा घ्यावा, की हातात धरून कुठेही बसून खेळता येईल असा? मार्च 2017 मध्ये निन्टेन्डो स्विच आला आणि दोन्ही सोयी एकाच यंत्रात मिळाल्या. 2022 मध्ये हातात धरायचाच स्टीम डेक आला, पुढच्या वर्षी तसाच आरओजी अलाय, आणि जून 2025 मध्ये स्विच 2. जाहिरातींत विमान, बाग, गच्चीवर जमलेली मित्रमंडळी दिसतात. मला जाणून घ्यायचंय ते वेगळं आहे. तुमचा कन्सोल रोजच्या जगण्यात नेमका कुठे आणि केव्हा बाहेर निघतो? हातात धरता आला नसता, तर तुमचं काही अडलं असतं का?

माझं मत आधीच सांगते. प्रवास हे दुय्यम कारण आहे, खरं कारण घरातच आहे. टीव्ही एक आणि माणसं पाच. आमच्याकडे संध्याकाळी सातपासून हॉलमधल्या टीव्हीवर सासूबाईंच्या मालिका असतात आणि त्या असायलाच हव्यात, दिवसभरात त्यांची तेवढीच करमणूक. त्यामुळे माझा स्विच डॉकवर (टीव्हीला जोडायच्या स्टँडवर) चढतो तो सुट्टीत, भाचरं जमली की. एरवी मी आतल्या खोलीत, पलंगाला टेकून खेळते. कुकरची शिट्टी झाली की वरचं बटण दाबायचं आणि उठायचं. भात उतरवून परत आलं की मारिओ जिथे हवेत लटकला होता तिथून पुढे उडी घेतो. हे झोपवून ठेवण्याचं बटण माझ्या दृष्टीने पडद्यापेक्षा आणि ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाचं आहे. टीव्हीसमोर मांडामांड करून बसायला सलग दीड तास लागतो, आणि तो मला मिळत नाही.

आता तुम्ही लिहा. विरुद्ध मत असेल तर नक्की लिहा.

डोंबिवली, रोज सीएसएमटीपर्यंत

लोकलमध्ये खेळता येईल म्हणून कुणी घेणार असेल तर आधी सकाळची फास्ट पकडून बघा. उभं राहायला जागा मिळाली तरी कोपर वाकवायला मिळत नाही. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, एका हाताने कडी धरायची, मग दोन हातांनी धरायचा कन्सोल काढणार कुठे? घाटकोपर, दादरला उतरणाऱ्यांचा रेटा आला की फोनसुद्धा खिशात जातो. लोकलचं यंत्र म्हणजे फोनच, तोही एका अंगठ्याने चालणारा.

पण पुण्याला आईकडे जाताना डेक्कन क्वीनमध्ये बसायची जागा आरक्षित असते, समोर छोटा टेबलासारखा ट्रे असतो, तिथे मी निवांत खेळते. म्हणजे प्रवास आहे की नाही यापेक्षा बसायची जागा पक्की आहे की नाही, हे बघायला हवं.

जळगाव जिल्हा

आमच्या लहानपणी प्रश्न टीव्हीचा नव्हता, लाइटचा होता. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि गावाकडे तर दिवसाचा मोठा भाग वीज नसायची. घरी टीव्हीला लावायचा कॅसेटवाला गेम होता. कॅसेट काढून फुंकर मारायची, परत खोचायची, चित्र यायचं, आणि शेवटच्या टप्प्यावर लाइट जायचा. सेव्ह वगैरे काही नाही. सगळं पहिल्यापासून.

जत्रेतून आणलेला ब्रिक गेम मात्र पेन्सिल सेलवर चालायचा. करड्या पडद्यावर काळे ठोकळे पडताहेत आणि आम्ही चार भावंडं ओट्यावर पाळी लावून बसलोय. माझ्यासाठी हँडहेल्ड म्हणजे लाइट नसताना चालणारी वस्तू.

पुढे आखातात नोकरीला असलेल्या काकांनी गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणला. दोन सेलवर बरेच तास चालायचा, पण त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता! भारनियमनात रात्री खेळायचं तर कंदील शेजारी ओढायचा आणि काच न चमकता चित्र दिसेल असा कोन मनगट तिरकं करून शोधायचा. धाकटा भाऊ कंदील धरायचा, मोबदल्यात त्याला एक डाव. पडद्याला दिवा असलेलं घडीचं मॉडेल निन्टेन्डोने 2003 मध्ये काढलं, पण ते आमच्यापर्यंत आलं नाही.

नंतर वाचलं की दिवा न देणं ही मूळ गेम बॉयपासूनची जाणूनबुजून केलेली निवड होती. 1989 चा तो गेम बॉय, गुनपेई योकोई यांच्या चमूने केलेला. पडदा हिरवट, रंग नाहीत, दिवा नाही, पण चार सेलवर दहा-पंधरा तास. त्याच्याच स्पर्धेत आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता. त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. लोकांनी गेम बॉय निवडला हे जगजाहीर आहे. सेल विकत घेण्यासाठी ज्याने आईकडे पैसे मागितलेत त्याला ही निवड लगेच कळेल.

पुणे, कोथरूड

माझं मत उलटं आहे. हातातला कन्सोल घेतला, काही महिने वापरला आणि विकून टाकला. सोनीच्या पीएस5 वर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, आणि मोठ्या टीव्हीवर मी समाधानी आहे. गेम माझ्यासाठी बैठकीची गोष्ट आहे. शनिवारी रात्री मुलं झोपली की दिवे बंद करून, हेडफोन लावून दोन-तीन तास. पावसाचा आवाज मागून येतो, दूरचा डोंगर खरंच दूर वाटतो. तेच दृश्य सात इंचांवर बघताना मला सतत वाटायचं की आपण खिडकीच्या फटीतून बघतोय. शिवाय ताकदीचे गेम हातात चालवले की पंखा घोंघावतो, मागची बाजू तापते आणि दोनेक तासांत बॅटरी उतरते. मग चार्जरला जोडून भिंतीजवळच बसायचं असेल तर सोफा काय वाईट?

मित्राकडे खेळायचं असेल तर मी पीएस5 सॅकमध्ये घालून नेतो. साडेचार किलो आहे, पण स्कूटरवर जातं. निन्टेन्डोच्या 2001 च्या गेमक्यूब कन्सोलला तर उचलून न्यायला मागे मूठच दिली होती. नेता येणं आणि हातात धरून खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला पहिली पुरते.

वास्को, गोवा (सध्या घरी, एरवी जहाजावर)

कोथरूडच्या दादांचं घरात बसून बरोबर आहे. जहाजावर नाही. क्रू मेसमध्ये टीव्ही असतो, पण त्यावर पंधरा-वीस जणांचा हक्क आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. केबिन छोटी, घड्याळ पाळीप्रमाणे. चार ते आठचा वॉच करून आलो की झोपण्याआधी अर्धा तास मिळतो, तेव्हा बंकवर आडवं होऊन खेळता येतं ते फक्त हातातल्या यंत्रावर. घरापासून महिनोन्‌महिने लांब असताना तो अर्धा तास डोकं ताळ्यावर ठेवतो, हे मी मनापासून सांगतो.

नव्याने जहाजावर जाणाऱ्या पोरांसाठी काही गोष्टी. इंटरनेट मिळालं तरी मोजून मिळतं, तेव्हा सगळं घरूनच भरून न्या. स्विचला कार्ड घातलं की गेम चालतो, कुणाला विचारत नाही. पण डाउनलोड केलेला गेम सुरू करताना काही वेळा इंटरनेट मागतो. स्टीम डेकवर प्रत्येक गेम किनाऱ्यावर असतानाच एकदा उघडून बघा आणि मग ऑफलाइन मोड लावा. विमानात हे यंत्र केबिन बॅगेतच ठेवा. स्टीम डेकची बॅटरी मॉडेलनुसार 40 ते 50 वॅट-अवरची आहे, 100 च्या मर्यादेच्या खूप आत, त्यामुळे अडवत नाहीत.

आणखी एक. टँकरवर असाल तर पोर्टेबल म्हणून यंत्र जहाजाच्या उघड्या डेकवर घेऊन जायचं नाही. तिथे साधी इलेक्ट्रॉनिक वस्तू, फोनसुद्धा, चालत नाही. ठिणगीचा धोका असतो. निवासाच्या भागाबाहेर न्यायची नाही म्हणजे नाही. आणि समुद्र खवळलेला असेल तर यंत्र बाजूला ठेवा. जवळच्या हलत्या पडद्याकडे बघितलं की जुन्या खलाशालाही मळमळतं.

योकोहामा

इथे आल्यावर मला पहिल्यांदा समजलं की हातातले कन्सोल जपानमध्ये का रुजले. घरं लहान, शाळकरी मुलाला स्वतःचा टीव्ही मिळणं कठीण, आणि ट्रेनमध्ये रोज तासन्‌तास जाणार. गेम बॉयवाल्या योकोई यांना गेम अँड वॉच या निन्टेन्डोच्या छोट्या हातातल्या गेमची कल्पनाही शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला माणूस पाहून सुचली, असं सांगतात. ते 1980 मध्ये आलं.

माझ्या आठवणीतला काळ पीएसपीचा, म्हणजे सोनीच्या हातातल्या कन्सोलचा. 2010 च्या डिसेंबरात मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड हा शिकारीचा गेम आला तेव्हा फॅमिली रेस्टॉरंटमध्ये चार-चार मुलं एका टेबलाभोवती, प्रत्येकाच्या हातात आपापलं यंत्र, पेय एक आणि शिकार तीन तास. वायफायचं नेटवर्क, इंटरनेट काही लागत नसे, यंत्रं एकमेकांशी थेट बोलायची. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला जेवणाच्या सुट्टीत त्यात ओढलं. माझं जपानी तेव्हा मोडकंतोडकं होतं, पण “डावीकडून ये”, “औषध घे”, “पळ” हे शब्द तिथे पक्के झाले आणि पुढची ओळखही. टीव्हीचा कन्सोल असता तर त्याच्या घरी जावं लागलं असतं, आणि इथे कुणी इतक्या लवकर घरी बोलावत नाही.

म्हणून वरच्या लेखिकेला मला थोडी पुस्ती जोडायची आहे. हातातलं यंत्र एकट्याने कोपऱ्यात बसायला जितकं उपयोगी, तितकंच चारचौघांत नेऊन बसायलाही.

कोल्हापूर

एवढे पैसे घालायचे कशाला, फोन आहे की खिशात! आमचा ग्रुप पबजीवर वाढला. सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, 2021 ला बीजीएमआय (पबजीचंच भारतासाठीचं रूप) आलं, 2022 ला तेही काढलं, मे 2023 मध्ये परत आलं. या सगळ्यात यंत्र तेच राहिलं आणि पोरंही तीच राहिली. पंचगंगेच्या घाटावर बसून चौघं एका टीममध्ये खेळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पण खरं ते सांगतो, आतेभावाचा स्विच हातात घेतल्यावर फरक कळला. फोनवर दोन्ही अंगठे काचेवर, म्हणजे पडद्याचा खालचा भाग झाकलेला. बटण दाबलं गेलं का हे बोटाला कळत नाही, डोळ्यांनी बघायला लागतं. आणि ऐन मोक्याला घरून फोन येतो, तो घ्यायलाच लागतो. खेळायचं यंत्र वेगळं असलं की निदान तो फोन येत नाही.

सांगली

पायाचं हाड मोडून प्लास्टरमध्ये होतो तेव्हाचा अनुभव. झोपून यंत्र तोंडावर धरलं तर दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. स्विच जॉयकॉनसकट (दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसकट) सुमारे 400 ग्रॅम आहे, स्टीम डेक 670 च्या आसपास. हा फरक उभं असताना जाणवत नाही, आडवं झाल्यावर जाणवतो. शेवटी मी जेवणाच्या छोट्या टेबलावर पडदा उभा केला आणि दोन्ही जॉयकॉन सुटे काढून एक डाव्या, एक उजव्या हातात घेतला. हात शरीराच्या दोन बाजूंना, पांघरुणाखाली, पूर्ण सैल. खांद्याला काही ताण नाही. हातातल्या कन्सोलचा हा उपयोग फार कमी लोक सांगतात. आजारपणात असलेल्यांनी वजन आणि सुटे कंट्रोलर या दोन गोष्टी आधी बघाव्यात.

ठाणे

चाळिशी लागली आणि माझा हँडहेल्ड मोड आपोआप कमी झाला. टीव्हीसाठी बनवलेल्या गेममधली अक्षरं 6.2 इंचांवर मुंगीएवढी होतात. संवाद कसेबसे वाचता येतात, पण वस्तूंच्या यादीतली बारीक माहिती नाही. स्विचच्या सेटिंगमध्ये झूम सुरू केलं की होम बटण लागोपाठ दोनदा दाबून पडदा मोठा होतो. हे मला लेकीने दाखवलं. तरी सारखं मोठं-लहान करत राहावं लागतं. काही गेममध्ये अक्षरांचा आकार बदलता येतो. घेण्याआधी मी आता तेवढंच शोधते.

छत्रपती संभाजीनगर

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी घ्यायचा आहे. दुकानदार स्विच लाइट घ्या म्हणतो, स्वस्त आणि हलका आहे म्हणून. काय करावं?

(उत्तर, धागा सुरू करणारी)

ताई, लाइट हलका आहे हे खरं, 275 ग्रॅम. लहान हातांना छान बसतो. पण तो टीव्हीला जोडता येत नाही, डॉकच चालत नाही, आणि कंट्रोलर सुटे होत नाहीत. म्हणजे तो बहुतेक एकट्यानेच खेळायचा झाला. घरात भावंड असेल, किंवा तुम्हाला त्याच्याबरोबर खेळायचं असेल, किंवा तो काय खेळतोय हे हॉलमध्ये बसून दिसायला हवं असेल, तर साधा स्विच घ्या. निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही, सगळा माल बाहेरून आलेला असतो. तेव्हा दुरुस्तीची जबाबदारी कोण घेणार हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

मुंबई, ग्रँट रोड (दुरुस्तीचं काम करतो)

ताईंच्या प्रश्नात थोडी भर. माझ्याकडे येणाऱ्या हातातल्या यंत्रांत मुख्य तक्रारी तीन. पडून फुटलेली काच, ढिला झालेला चार्जिंगचा पोर्ट आणि वर्षभर कपाटात पडून फुगलेली बॅटरी. टीव्हीखाली ठेवलेल्या कन्सोलला यातलं काहीच होत नाही. मुलासाठी घेत असाल तर त्याच दिवशी पडद्याला काच आणि कडक केस घ्या. चार्जिंगला लावून खेळताना वायर ओढली जाते आणि पोर्ट तिथेच जातो, तेव्हा लांब वायर वापरा. परीक्षेच्या काळात बंद ठेवणार असाल तर पूर्ण रिकामा ठेवू नका, निम्मा चार्ज करून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करा. फुगलेली बॅटरी दिसली, म्हणजे मागचं कव्हर उचललं गेलेलं दिसलं, तर चार्जिंगला लावू नका, लगेच दाखवा.

छत्रपती संभाजीनगर

दोघांचे आभार. धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे, ती मागे लागणारच, तेव्हा लाइट नको. साधा स्विच बघते. आमच्याकडेही संध्याकाळी टीव्ही आजींकडेच असतो, त्यामुळे तो हातात धरता यायलाच हवा. बिलाचं उद्याच दुकानात विचारते.