एलएसडीच्या वजनात कागदही धरावा का?

धागाकर्ता: सेरोटोनिन आणि डोपामिन या मेंदूतील रसायनांच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) एलएसडी या अमली पदार्थाचा परिणाम इतक्या थोड्या मात्रेत होतो की एका वेळी साधारण १०० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणूनच ते टीपकागदाच्या लहान चौकोनांत मुरवून विकले जाते. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ०.००२ ग्रॅम ही त्याची अल्प मात्रा, तर ०.१ ग्रॅम ही व्यापारी मात्रा असून तिला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. शिवाय कलम ३७ मुळे जामीन मिळणे अत्यंत कठीण होते. अमेरिकेतील चॅपमन खटल्यात (१९९१) १,००० चौकोनांचे कागदासह वजन ५.७ ग्रॅम भरले आणि त्यात एलएसडी होते सुमारे ५० मिलिग्रॅम. तोच हिशेब आपल्याकडे लावला, तर कागदासह एकच चौकोन अल्प मात्रा ओलांडतो आणि १८ चौकोन व्यापारी मात्रेत जातात. गोव्याच्या किनाऱ्यावर तेवढे चौकोन बाळगणारा तरुण आणि किलोहून अधिक चरस बाळगणारा विक्रेता एकाच शिक्षेस पात्र ठरावेत, हे मला अन्यायाचे वाटते.

पहिला प्रतिसाद: असहमत. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने मात्रा संपूर्ण मिश्रणाला लागू केली आणि हिरा सिंग प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ (म्हणजे स्वतः अमली नसलेल्या) पदार्थाचे वजनही धरण्यास मान्यता दिली. हेरॉइनमधील भेसळ मोजायची आणि कागद मात्र वगळायचा, याला आधार काय? हा कागद अमली पदार्थासह तोंडात जातो, त्यामुळे त्याला निव्वळ वेष्टन म्हणता येणार नाही.

धागाकर्ता: भेसळ वाढवली की विकायला माल वाढतो, त्यामुळे तिथे एकूण वजनाला अर्थ आहे. कागद जाड घेतला म्हणून डोसांची संख्या एकानेही वाढत नाही, शिक्षा मात्र वाढते. तेच एलएसडी साखरेच्या खड्यावर टाकले, तर एका खड्यानेच व्यापारी मात्रा ओलांडली जाईल.

दुसरा प्रतिसाद: साखरेचा मुद्दा बिनतोड आहे, पण केवळ शुद्ध वजन धरल्यास चॅपमन खटल्यातील हजार चौकोनांचा विक्रेताही व्यापारी मात्रेखालीच राहील, आणि ते मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेच्या शिक्षा आयोगाने १९९३ मध्ये कागदाचे वजन सोडून प्रत्येक डोसमागे ०.४ मिलिग्रॅम धरण्याचा नियम केला. आपल्याकडेही चौकोनांची संख्या मोजूनच मर्यादा ठरवावी, आणि हा बदल न्यायालयांवर न सोडता केंद्र सरकारने अधिसूचनेतच करावा.