मसल कारचा मागचा ॲक्सल: तुम्ही कसा ओळखला, कसा दुरुस्त केला?

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांचा, विषय निघाला की सगळं बोलणं इंजिनाभोवती फिरतं. त्या इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारा मागचा ॲक्सल मात्र ग्रीस आणि धुळीच्या थराखाली दबलेला राहतो, आणि गाडी विकणारा त्याबद्दल जे सांगतो ते बहुधा ऐकीव असतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत 1968 पासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या चासी नंबराचा काही भाग ठोकलेला मिळतो. ॲक्सलवर तसं काही नसतं, त्यामुळे मधल्या काळात तो कुणी बदलला असेल तर सहज कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी लोखंडावरचे आकडे वाचावेत, मग पाना हातात घ्यावा. इकडे अमेरिका-कॅनडात ज्यांनी हे काम घरच्या गॅरेजात केलंय, त्यांनी आपलं ठिकाण वर टाकून सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मिशिगन

माझी जनरल मोटर्सची 1969 ची शेव्हेल. मागच्या झाकणाचे बोल्ट मोजले की पहिला उलगडा होतो. 10 असतील तर क्राऊन व्हील, म्हणजे ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक, 8.2 इंच व्यासाचं, 12 असतील तर 8.875 इंचाचं. माझे 12 निघाले. खरं काम पुढेच होतं. उजव्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या पुढच्या अंगाला कोड ठोकलेला असतो, आणि तो फार उथळ असतो. ड्रिलला वायर ब्रश लावून घासलं तर अक्षरं कायमची जातात. मी डीग्रीझर मारून रात्रभर ठेवलं, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं, पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवला आणि टॉर्च नळीला अगदी चिकटवून आडवा धरला. तेव्हा कुठे अक्षरं उठून दिसली. मधल्या ओतीव भागावर 'के 21 8' असं होतं. पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे 21 नोव्हेंबर 1968. गाडी त्यानंतरच्या जानेवारीत बनलेली, तेव्हा मेळ बसतो.

झाकण उघडलंत की शाफ्ट बाहेर काढून बेअरिंगची जागा नखाने तपासा. या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवर फिरतात, वेगळी आतली रिंग नसते. नख अडकलं तर नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, शाफ्टच बदलावा लागतो.

ओहायो

माझ्याकडे 302 (घन इंच) इंजिनाची 1969 ची फोर्ड मस्टँग. विकणाऱ्याने "नाइन इंच आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. फोर्डच्या 8 आणि 9 इंची, दोन्ही ॲक्सलना मागे झाकण नसतं. मधला भाग अख्खा पुढून निघतो, त्यामुळे लांबून दोन्ही सारखेच दिसतात. तो भाग धरून ठेवणाऱ्या सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर 8 इंची. खालच्या दोन नटांवर बसत नसेल आणि रिंग पानाच घालावा लागत असेल तर 9 इंची. माझ्या सगळ्या नटांवर बसला! मित्रांनी बदलून टाकायचा आग्रह धरला, पण मी तो ठेवला. साध्या 302 साठी हाच योग्य आहे, 9 इंची मुख्यतः मोठ्या इंजिनांसाठी होता. नटाखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, ती हरवू देऊ नका. तिच्यावर '3एल25' असेल तर रेशो 3.25 (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे तेवढे फेरे) आणि लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक जागीच घसरत फिरू न देणारा डिफरन्शियल. मधे एल नसेल तर साधा.

टोरंटोजवळून

क्रायस्लरच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. 8¾ इंची ॲक्सलच्या ओतीव नंबरातले शेवटचे तीन आकडे बघा: 741, 742 किंवा 489. पिनियनच्या, म्हणजे क्राऊन व्हील फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, दांड्याची जाडी त्यावरून कळते, सुटे भाग त्यानुसारच मागवायचे. आणि क्राऊन व्हीलचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत डाव्या चाकांचे नटही तसेच. जोर लावण्याआधी हे आठवा.

न्यू जर्सी

पट्टी नाही, कोड गंजलाय. न उघडता रेशो कळेल का?

मिशिगन

कळेल, दादा. दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रलला. साधा डिफरन्शियल असेल तर एक चाक कुणाला तरी धरायला सांगा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. पावणेचारच्या किंचित आत आले तर 3.73, म्हणजे 41 दात भागिले 11. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं एकत्र फिरतात, तेव्हा एकच फेरा पुरतो.

टेक्सास

कोल्हापूरला मामांच्या गॅरेजात ट्रकचं क्राऊन-पिनियन सेटिंग बघत मी मोठा झालो, त्यामुळे हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा. दातांना पिवळा मार्किंग रंग लावून फिरवलं की ठसा उमटतो. तो दाताच्या मध्यावर यायला हवा. बुडाकडे सरकला तर पिनियन खोल बसलंय, दाताच्या वरच्या कडेकडे गेला तर वर राहिलंय. शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) बदलायची आणि पुन्हा ठसा घ्यायचा. डायल गेजवर दातांमधला प्ले (मोकळीक) साधारण 0.006 ते 0.010 इंच ठेवतात. क्रश स्लीव्ह (आवळताना चेपणारी नळी) असलेल्या पिनियनचा नट हळूहळू आवळत प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा दाब, बघत जायचं. जास्त आवळला गेला तर नट सैल करून उपयोग नाही, स्लीव्ह नवीच घालावी लागते.

जुनी जोडी चांगली असेल तर जोडीनेच वापरा, एकटं पिनियन कधी बदलू नका. बेअरिंग कॅप काढण्याआधी डाव्या-उजव्या खुणा करा. त्या हाउसिंगबरोबरच मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

नॉर्थ कॅरोलिना

सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर आधी ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, तपासा. तो चिखलाने बुजला की तेल तापून दाब वाढतो, सीलमधून बाहेर पडतं आणि ब्रेक ड्रममध्ये उतरतं. वळताना मागून खडखड, थरथर येत असेल आणि लिमिटेड स्लिप क्लचवाला असेल, तर 80डब्ल्यू-90 तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (क्लच अडखळू न देणारं मिश्रण) घातलाय का बघा. नवं क्राऊन-पिनियन बसवलं असेल तर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. मग 500 मैलांनी तेल बदला आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून बघा. बारीक राखाडी चूर्ण चालतं, टोचणारे कण आले तर झाकण पुन्हा उघडा.